दोन लाखांनी पाहिले. आगाऊ रक्कम कितींनी दिली?

पेण/रोहा, प्रतिनिधी - गणेशमूर्तींसाठी सातासमुद्रापार ओळखल्या जाणाऱ्या पेण शहरात आणि लगतच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत मूर्ती घडविण्याचे काम बहुतांश वर्षभर चालते. या कामाला अलीकडे आणखी एका कामाची जोड मिळाली आहे. शाडूची माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंतची दृश्ये भ्रमणध्वनीवर टिपायची आणि ती इंटरनेटवर ठेवायची. रोहा तालुक्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीत राफ्टिंग घडविणारे व्यावसायिकही याच मार्गाने मुंबई-पुण्याच्या पर्यटकांपर्यंत पोहोचतात. हंगाम संपला, की भागीदार, घरातील ज्येष्ठ मंडळी आणि कर्ज देणारी बँक यांचा प्रश्न मात्र एकच असतो : या खटाटोपातून धंद्याला मिळाले काय? या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा अहवाल कसा तयार करावा, याचा हा आढावा.

परंपरा जुनी, मोजमाप नवे

थेट 'आमचा माल घ्या' असे न सांगता उपयुक्त वा रंजक माहिती देऊन ग्राहकाचा विश्वास मिळविणे, याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात. नाव परके असले तरी मराठी मुलखाला ही कल्पना नवी नाही. लोखंडी नांगर बनविणाऱ्या किर्लोस्कर कारखान्यातून शंकरराव किर्लोस्कर यांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक सुरू केले. कारखान्याची वार्ता देणारे हे पत्रक पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक ठरले. छापलेल्या अंकांची संख्या त्या काळीही मोजता येत होती. अंक वाचून नांगर कोणी घेतला, हे सांगणे अवघड होते. आज आकड्यांचा तुटवडा नाही. अडचण नेमकी उलटी आहे. आकडे भरपूर मिळतात आणि त्यातील सर्वांत मोठा आकडाच अहवालाच्या शिरोभागी जाऊन बसतो.

हा मोठा आकडा फसवा ठरू शकतो. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून 'शॉर्ट्स' या छोट्या चित्रफितींच्या मोजणीची पद्धत बदलली. चित्रफीत सुरू होताच ती 'पाहिली' असे धरले जाऊ लागले. किती वेळ पाहिली, याची अट राहिली नाही. त्यामुळे एकही नवा ग्राहक न जोडता त्यानंतरचे आकडे फुगलेले दिसू शकतात. संकेतस्थळांच्या बाबतीत गुगलने आपली जुनी मोजणी यंत्रणा 1 जुलै 2023 पासून बंद करून नवी स्वीकारली. दोन्ही यंत्रणांच्या व्याख्या भिन्न असल्याने त्यांचे आकडे शेजारी मांडून वाढ वा घट ठरविणे योग्य नाही. मोजपट्टीच बदलली असेल, तर अहवालात तसे स्पष्ट नमूद करावे.

एक उदाहरण

समजा, एका कारखान्याने हंगामात छायाचित्रे व चित्रफितींवर 30 हजार रुपये खर्च केले. त्या 2 लाख वेळा पाहिल्या गेल्या, 400 जणांनी चौकशी केली, 40 जणांनी आगाऊ रक्कम भरली आणि 36 जणांनी मूर्ती नेल्या. प्रत्येक मूर्तीमागे खर्च वजा जाता दीड हजार रुपये उरले, तर एकूण 54 हजार रुपये होतात. म्हणजे प्रथमदर्शनी 24 हजारांचा लाभ. मात्र या 36 पैकी 16 जण दरवर्षीचेच ग्राहक असतील, तर ते चित्रफितीविनाही आले असते. उरलेल्या 20 नव्या ग्राहकांकडून मिळाले 30 हजार, आणि खर्चही 30 हजारच. पहिल्या वर्षीचा निव्वळ लाभ शून्य.

याचा अर्थ खर्च वाया गेला असा नव्हे. गणपती दरवर्षी येतो. हे 20 जण पुढील वर्षी पुन्हा आले, तर त्यांना मिळविण्यासाठी नव्याने खर्च करावा लागणार नाही. म्हणून 'गेल्या वर्षी नवे आलेल्यांपैकी यंदा किती परतले' हा रकाना अहवालात असणे अत्यावश्यक ठरते. चित्रीकरणात गेलेला घरच्या माणसाचा वेळही खर्चात धरायला हवा. तो बहुधा धरला जात नाही.

तुलना तिथीची, तारखेची नव्हे

पेणच्या व्यवसायात आणखी एक मेख आहे. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला, तर 2025 मध्ये 27 ऑगस्टला आली. 2026 ची चतुर्थी, अधिक मासामुळे, 14 सप्टेंबरची. अशा स्थितीत यंदाच्या जुलैची गेल्या जुलैशी तुलना केल्यास निष्कर्ष हमखास चुकतो. सण लवकर आला की नोंदणी आधी वाढते, उशिरा आला की मागे पडते. तेव्हा 'चतुर्थीपूर्वी 60 दिवस', 'चतुर्थीपूर्वी 30 दिवस' अशा टप्प्यांवर तुलना करणे हाच योग्य मार्ग.

श्रेय कोणाचे?

मागणी वाढण्यामागे चित्रफितींखेरीज अन्य कारणेही असतात. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मधील मार्गदर्शक सूचनांद्वारे निर्बंध घातले. मुंबई उच्च न्यायालयाने 9 जून 2025 रोजी अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनास मात्र न्यायालयाच्या परवानगीची अट घातली. अशा निर्णयांच्या सुमारास शाडूच्या मूर्तींची चौकशी वाढली, तर तिचे सारे श्रेय स्वतःच्या चित्रफितीला देणे ही आत्मवंचनाच होय.

कोलाडची गोष्ट याच्या उलट बाजूने जाणारी आहे. कुंडलिकेतील राफ्टिंग भिरा जलविद्युत प्रकल्पातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी नाही, तर राफ्ट नाही. आणि पाणी असले तरी राफ्ट व मार्गदर्शक मोजकेच. एखाद्या शनिवारी सर्व जागा भरलेल्या असताना आणखी शंभर चौकशा आल्या, तर विक्रीचा आकडा हलणार नाही. तेथे अहवालात 'किती जणांना नकार द्यावा लागला' आणि 'त्यांतील किती जणांनी सोमवार ते शुक्रवारची वेळ स्वीकारली' हे लिहिणे अधिक उपयोगाचे. दोष प्रसिद्धीचा की क्षमतेचा, याचा उलगडा त्यातूनच होतो.

ज्याचा प्रश्न, त्याचे उत्तर

प्रत्येक हितसंबंधीयाचा प्रश्न निराळा असतो. भागीदाराला खर्च व उत्पन्न यांचा मेळ हवा असतो. बँकेच्या अधिकाऱ्याला आगाऊ रकमेसह झालेली नोंदणी आणि पैसा हाती येण्याचा काळ जाणून घ्यायचा असतो. कारागिराला कोणत्या उंचीच्या, कोणत्या घडणीच्या मूर्तीची विचारणा अधिक आहे हे कळले, तर साचे त्यानुसार तयार ठेवता येतात. किती जणांनी 'लाइक' केले, याची यांपैकी कोणालाच गरज नसते. ती माहिती चित्रीकरण करणाऱ्याच्या कामाची. तिची जागा अहवालाच्या शेवटी.

हे सारे करण्यासाठी महागड्या संगणक प्रणालीची आवश्यकता नाही. नोंदणीवहीत 'आमच्याविषयी कोठून कळले?' हा एक रकाना वाढवावा आणि आगाऊ रक्कम घेतानाच तो भरावा. 'जुना ग्राहक', 'ओळखीतून', 'चित्रफीत पाहून', 'रस्त्यावरील फलक' असे चार-पाच पर्याय पुरेसे आहेत. ग्राहकाचे उत्तर दर वेळी अचूक असेलच असे नाही. तरीही अंदाजापेक्षा ते खात्रीने बरे.

अहवाल एका पानाचा असावा. वर खर्च, नवे ग्राहक व परतलेले ग्राहक. मध्ये आकड्यांवर परिणाम करणारी बाहेरची कारणे. आणि शेवटी पुढील हंगामात काय चालू ठेवावे, काय बंद करावे याची शिफारस. न चाललेल्या चित्रफितींचा उल्लेख टाळू नये. कर्ज काढून माती, रंग व मजुरीचा खर्च उभा करणाऱ्या कुटुंबाला 30 हजार रुपये पुन्हा याच कामी घालायचे की आणखी एक कारागीर ठेवायचा, हे ठरवायचे असते. 2 लाखांचा आकडा त्याचे उत्तर देत नाही. वहीतील तो एक रकाना देऊ शकतो.