समान काम, समान दाम

स्त्रीच्या लेखणीचे मोल पुरुषाच्या लेखणीहून कमी असते काय? मुंबईतील एका लघुलेखिकेने हा प्रश्न न्यायालयापुढे नेला. तिच्या कंपनीत पुरुष लघुलेखकांना अधिक वेतन मिळे. कंपनीने आर्थिक अडचणीची सबब पुढे केली. परंतु १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली.

१९७६ च्या समान वेतन कायद्याचा दंडक स्पष्ट होता : कौशल्य, श्रम व जबाबदारी सारखी, तर वेतनही सारखे. शिवाय ही समता साधण्यासाठी कोणाचेही वेतन घटविता येणार नाही. हेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आले आहे.

वाचकहो, उद्या आपल्या शेतावर अथवा दुकानात स्त्री-पुरुष सारखेच राबतील, तेव्हा स्त्रीची मजुरी मोजताना हात आखडता घेऊ नका.