यूएनच्या इंटर्नशिपचा अर्ज फुकट, पण राहण्या-खाण्याचा खर्च कोण करणार?

एमएस्सी किंवा एमएसडब्ल्यू करणाऱ्या मुलाने घरी येऊन ‘जिनिव्हाला यूएनमध्ये इंटर्नशिपसाठी अर्ज करतोय’ असं सांगितलं, की घरात दोन प्रश्न निघतात. पगार किती मिळणार? आणि आपल्याला किती भरावे लागणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर संस्थेप्रमाणे बदलतं आणि अनेकदा ते ‘शून्य’ असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र कायम एकच आहे. अर्ज, मुलाखत, निवड किंवा प्रशिक्षण, यातल्या कुठल्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रे उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाहीत.

या दोन उत्तरांची गल्लत झाली की सोनं गहाण पडतं. म्हणून आधी पैशाचंच बघू.

‘यूएन’ म्हणजे एकच ऑफिस नाही. न्यूयॉर्कमध्ये मुख्यालय असलेलं सचिवालय वेगळं, आणि जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या संस्था वेगळ्या. प्रत्येकीचे नियम स्वतंत्र आहेत. सचिवालय इंटर्नला पैसे देत नाही. पर्यावरण कार्यक्रमाचं नैरोबीचं ऑफिस आणि मानवाधिकार कार्यालयाचं जिनिव्हाचं ऑफिस हेही सचिवालयाच्याच छत्राखाली येतात. तिथे विमानाचं तिकीट, व्हिसा, खोलीभाडं, जेवण आणि आरोग्य विमा हा सगळा खर्च विद्यार्थ्याने स्वतः करायचा असतो. मुदत साधारण दोन ते सहा महिन्यांची आणि काम पूर्णवेळ, आठवड्याचे पाच दिवस.

जिनिव्हा हे जगातल्या महागड्या शहरांपैकी एक. साध्या एका खोलीचं महिन्याचं भाडं सहज हजार स्विस फ्रँकच्या घरात जातं आणि एका फ्रँकला शंभर रुपयांहून जास्त मोजावे लागतात. म्हणजे नुसत्या भाड्याचेच महिन्याला लाखभर रुपये झाले, जेवणखाण वेगळं. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक इंटर्न जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. तो श्रीमंत देशातला मुलगा होता, तरी त्याची ही गत. ‘तिथे गेल्यावर संध्याकाळी हॉटेलात काम करून भागवू’ असं कुणी सुचवलं तर तो नाद सोडावा. इंटर्नशिपसाठी मिळालेल्या परवानगीवर बाहेर मजुरी करता येत नाही.

त्या बातमीनंतर बिनपगारी इंटर्नशिपवर जगभरात बरीच ओरड झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून इंटर्नना भत्ता सुरू केला. कामगार संघटना, युनिसेफ, यूएनडीपी, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम हेही भत्ता देतात. यातल्या काही ठिकाणी अट अशी, की विद्यार्थ्याला दुसरीकडून शिष्यवृत्ती किंवा मदत मिळत नसावी. वॉशिंग्टनची जागतिक बँक तर इंटर्नला तासाप्रमाणे पगार देते. पण तिच्या इंटर्नशिपच्या पात्रतेच्या अटी तिच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. भत्त्यात साधारण राहणं-जेवणं भागतं, घरी पाठवायला काही उरत नाही. तिकिटाचे पैसे मिळतील की नाही, हे प्रत्येक जाहिरातीत वेगळं वाचावं लागतं.

त्यामुळे जाहिरात उघडली की कामाचं वर्णन वाचण्याआधी भत्त्याची ओळ शोधावी. ती बहुतेक वेळा तळाशी असते. तिथे ‘बिनपगारी’ लिहिलेलं असेल आणि कॉलेज किंवा एखादा ट्रस्ट खर्च उचलणार नसेल, तर त्या जागेसाठी जमीन किंवा दागिने मोडण्यात अर्थ नाही. इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरी लागेल असा कोणताही शब्द या संस्था देत नाहीत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यासाठी चालेल का, असं अनेकांना वाटतं. ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी करण्यासाठी आहे, इंटर्नशिपसाठी नाही.

आता कागदपत्रं. आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ असतो नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोन वेगळे रकाने. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर निम्मे कागद माहेरच्या नावाचे आणि निम्मे सासरच्या. एखाद्या कागदावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षरच जास्त पडलेलं असतं. निवड झाल्यावर पासपोर्ट, गुणपत्रिका आणि कॉलेजचं पत्र समोरासमोर ठेवलं जातं, तेव्हा हा फरक नडतो. व्हिसाच्या वेळी तर जास्तच. आधार दुरुस्त करायला किंवा राजपत्रात नावबदल छापून आणायला वेळ लागतो. म्हणून अर्ज भरायच्या आधीच पासपोर्ट जसा असेल तसंच नाव सगळीकडे करून घ्यावं.

पासपोर्ट नसेल तर आजच ऑनलाइन अर्ज करावा. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. अनेक शहरांत पोस्ट ऑफिसमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र झालं आहे, त्यामुळे प्रत्येकाला मुंबई-पुणे गाठायची गरज उरलेली नाही. पोलिस पडताळणी मात्र अर्जात दिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने कोणता पत्ता दिलाय ते लक्षात ठेवावं आणि घरच्यांनाही सांगून ठेवावं.

सचिवालयाच्या इंटर्नशिपला पदवीच्या शेवटच्या वर्षाचे, पदव्युत्तर किंवा पीएचडी करणारे, आणि पदवी मिळून एक वर्षाच्या आत असलेले विद्यार्थी अर्ज करू शकतात. इतर संस्थांत ही मुदत आणि वयाची अट कमी-जास्त आहे. म्हणजे डिग्री घेऊन तीन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्यावर इकडे वळायचं म्हटलं तर बहुतेक दार बंद झालेलं असतं. अर्ज संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरच करायचा. सचिवालयासाठी तो पत्ता आहे करिअर्स डॉट यूएन डॉट ओआरजी. एकदा प्रोफाइल तयार केली की तीच पुढच्या अर्जांना वापरता येते. मोबाइलवर जाहिराती वाचाव्यात, पण फॉर्म कॉम्प्युटरवर भरावा. अर्ज लांबलचक असतो आणि मधेच रेंज गेली की चिडचिड होते. निवड न झालेल्यांना अनेकदा उत्तरसुद्धा येत नाही. एकाच अर्जाची वाट बघत बसू नये.

इंग्रजी फर्डं नसेल तर? बोलण्यात मराठी हेल असला तरी चालतो, मात्र इमेल आणि अहवाल नीट लिहिता यायला हवेत. खरी चूक होते ती अर्जासोबतच्या पत्रात. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य हजारो जण लिहितात. त्याऐवजी एनएसएसच्या शिबिरात किती घरांचा पाण्याचा सर्व्हे केला, माहिती कशात भरली, त्यातून काय निघालं, हे आकड्यांसह लिहावं. आईच्या बचत गटाचा हिशेब सांभाळला असेल, आशाताईंसोबत गावातल्या बाळांची वजनं नोंदवली असतील, ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिलं असेल, तर ते काम लपवण्यासारखं नाही. पाणी, शेती, कुपोषण आणि स्थलांतर हेच या संस्थांचे विषय आहेत, आणि ते आपल्या पोरांनी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलेले असतात. सोबत एक्सेल पक्कं करावं. कोबो टूलबॉक्स हे मोबाइलवर सर्व्हे भरायचं साधन अनेक मदत संस्था वापरतात आणि ते फुकट शिकता येतं. फ्रेंच किंवा स्पॅनिश थोडी येत असेल तर फायदा होतो, कारण त्या यूएनच्या सहा अधिकृत भाषांपैकी आहेत.

जागा मात्र आता आणखी आटत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला आणि त्या वर्षात यूएनच्या अनेक संस्थांनी खर्चाला कात्री लावली.

याच टंचाईत ठग घुसतात. ‘आपली निवड झाली आहे, व्हिसा प्रक्रियेसाठी अमुक रक्कम २४ तासांत भरा’ असा मेसेज, सोबत निळं चिन्ह असलेलं नियुक्तीपत्र. मुलाखत व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत उरकलेली. अशा वेळी इमेलमध्ये ॲट चिन्हानंतर काय लिहिलंय ते बघावं. तिथे जीमेल दिसलं तर विषय संपला. यूएन डॉट ओआरजी किंवा डब्ल्यूएचओ डॉट इंट यासारखाच, पण एखादं अक्षर वाढवलेला पत्ताही बनवला जातो, म्हणून अक्षर न् अक्षर जुळवावं. व्हिसाची फी लागते हे खरं, पण ती त्या देशाच्या वकिलातीत किंवा तिने नेमलेल्या केंद्रात भरायची असते, कुणाच्या यूपीआयवर नाही. दुसरा प्रकार जास्त चकवणारा आहे: नावात ‘इंटरनॅशनल’ आणि चिन्हात पृथ्वीगोल असलेल्या खासगी कंपन्या पैसे घेऊन परदेशात ‘परिषद’ किंवा ‘इंटर्नशिप’ करवतात. ते बेकायदा असेलच असं नाही, पण ते यूएन नव्हे. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

परदेशच हवा असा हट्ट नसेल तर जवळचे रस्तेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं दक्षिण-पूर्व आशियाचं विभागीय कार्यालय नवी दिल्लीत आहे. युनिसेफ, यूएनडीपी, अन्न व कृषी संघटना यांची भारतातली मुख्य ऑफिसंही दिल्लीतच आहेत. युनिसेफचं महाराष्ट्राचं काम मुंबईतून चालतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट आहे. कोरडवाहू पिकांवर काम करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये सुरू झाली आणि ज्वारी, तूर, हरभरा हीच तिची पिकं. तिथे जायला व्हिसा लागत नाही, रात्रीची बस पुरते. आणि ज्यांना अजून घराबाहेर पडणंच जमत नाही, त्यांच्यासाठी यूएन व्हॉलंटियर्सचं ऑनलाइन काम आहे: भाषांतर, लेखन, माहितीची मांडणी. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण १८ वर्षांवरील कुणीही घरबसल्या नाव नोंदवू शकतो, आणि काम पूर्ण झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र पुढच्या अर्जाला जोडता येतं.