मंत्रचळाचा उपचार आणि घरची माणसे

वाकोल्याच्या जुन्या इमारतींत नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येते. अशाच एखाद्या इमारतीतील दोन खोल्यांच्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. धाकट्या सुनेला हात धुण्यास चाळीस मिनिटे लागतात. पिंप रिकामे होण्यापूर्वी सासरे आपली आंघोळ उरकून घेतात. पती कचेरीतून येताच दारातच कपडे बदलतो. सासूबाई दिवसातून वीसदा सांगतात, "हो गं, ओटा स्वच्छ आहे." कोणी रागावत नाही, सगळे तिला सांभाळून घेतात. दर आठवड्याला उपचारासाठीही नेतात. तरीही सहा महिन्यांत फरक कसा पडत नाही, याचे त्यांना नवल वाटते.

मराठीत या विकाराला पूर्वापार मंत्रचळ म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो ओसीडी या नावाने येतो. नकोसा विचार मनात पुनःपुन्हा घुसतो, जीव कासावीस होतो आणि ती तगमग शमवण्यासाठी धुणे, मोजणे, कुलूप तपासणे, मनातल्या मनात काही घोकणे असे काहीतरी करावेच लागते. क्षणभर बरे वाटते आणि विचार परत येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील दर हजार प्रौढांत साधारण आठ जणांना हा विकार आढळला.

त्यावरील मुख्य मानसोपचाराचे तत्त्व सोपे, पण आचरण अवघड आहे. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि नंतरची ठरलेली कृती करायची नाही. तगमग वाढते, काही काळ टिकते आणि हात न धुताही ओसरते, हे रुग्णाला स्वतः अनुभवावे लागते. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये अशा दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. धुण्याचा अतिरेक करणाऱ्या रुग्णेच्या खोलीतील नळ त्यांनी बंद ठेवले होते. पुढे अमेरिकेत एडना फोआ व सहकाऱ्यांच्या २००५ च्या चाचणीत हा उपचार सुरू केलेल्यांपैकी ६२ टक्के रुग्णांना लक्षणीय गुण आला; नुसते औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. उपचार पूर्ण करणाऱ्यांपुरते पाहिले, तर ६२ चे ८६ होतात. अर्ध्यावर न सोडणे हाच मोठा फरक ठरतो.

मग वाकोल्यातील त्या घरात अडते कुठे? आठवड्यातून एक तास रुग्ण जे शिकते, ते उरलेल्या वेळी घरातली माया पुसून टाकते. सासूबाईंचे "स्वच्छ आहे" हे उत्तरही हात धुण्याइतकेच क्षणिक समाधान देते आणि भीती खरी होती, अशी खूणगाठ पक्की करते. कुटुंबाच्या या साथीचे मोजमाप अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ च्या सुमारास सुरू केले. अशी साथ जितकी अधिक, तितका उपचाराचा गुण कमी, हे त्यानंतरच्या अभ्यासांत वारंवार दिसले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषधे चालू असलेल्या रुग्णांसह त्यांच्या कुटुंबीयांनाही थोड्याच बैठका दिल्या. केवळ शिथिलीकरण शिकवलेल्या गटापेक्षा या गटाला अधिक लाभ झाला.

मात्र उद्यापासून सारे एकदम बंद, असे करू नये. टोमणे, धाक आणि तिरस्कार यांनी रुग्ण उपचारच सोडून जातो. कोणती साथ आधी काढून घ्यायची, हे रुग्णाच्या संमतीने आणि उपचारकासमोर ठरवावे. प्रथम एकच गोष्ट घ्यावी. सून विचारील तेव्हा सासूबाईंनी म्हणावे, "तुला त्रास होतोय हे दिसतंय मला, पण आपलं ठरलंय, म्हणून मी उत्तर देणार नाही." आणि जवळ बसून राहावे. हे बसणे कठीण असते, सुनेइतकेच सासूबाईंनाही.

धर्माचरण असलेल्या घरात आणखी एक पेच उभा राहतो. मंत्रचळ बहुधा रुग्णाला जे सर्वांत प्रिय, त्यालाच धरतो. पायाखाली मुंगी आली असेल काय, म्हणून कोणी चाललेली वाट चारदा मागे जाऊन तपासतो. सूत्राचा उच्चार चुकला, म्हणून कोणी मध्यरात्रीपर्यंत पहिल्यापासून म्हणत राहतो. सामायिक ४८ मिनिटांचे असते. ते पारले की माणूस उठतो. मंत्रचळात उठताच येत नाही. जाणता उपचारक रात्रिभोजनाचा त्याग किंवा पाणी गाळण्याचा नियम मोडायला सांगत नाही. तो सूत्र एकदाच म्हणून थांबायला सांगतो, चुकल्याची शंका तशीच ठेवून. मर्यादा कोठे, हे महाराजसाहेबांना किंवा जाणत्या पंडितांना जरूर विचारावे, पण एकदाच. रोज विचारू लागल्यास तो प्रश्नही विकाराचाच भाग होतो.

इतर कारणेही आहेत. नेमून दिलेला घरचा सराव जो करतो, त्याला गुण अधिक येतो. तीव्र नैराश्य सोबत असेल, तर आधी किंवा बरोबरीने त्यावर उपचार लागतो. जुन्या वस्तू साठवण्याचा प्रकार असेल, तर सुधारणा सावकाश होते. औषधाचा परिणाम दिसण्यास पुरेशा मात्रेत दहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून गोळ्या बंद करणारी घरे थोडी नाहीत. लाजेपोटी वर्षे घालवणारी तर पुष्कळच.

केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे विनामूल्य व मराठीतही बोलता येते. केईएम, शीव आणि नायर या पालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. पहिल्या भेटीत उपचारकाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: भीतीला सामोरे जाण्याचा सराव करून घेणार का, आणि घरच्यांना कोणत्या बैठकीपासून बोलावणार?