पनामाचा तलाव आणि मान्सूनचे गणित

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपले जहाज पनामा कालव्यातून आधी सुटावे म्हणून एका जपानी कंपनीने लिलावात जवळपास ४० लाख डॉलर मोजले. नेहमीचा टोल वेगळाच. एवढा भाव चढला, कारण पाऊस पडला नव्हता.

हा कालवा समुद्राच्या पातळीवर नाही. लॉक नावाच्या बंद कप्प्यांत पाणी भरत जाते तसे जहाज टप्प्याटप्प्याने २६ मीटर वर, गाटून तलावात पोहोचते आणि पलीकडे तसेच उतरते. कुठेही पंप नाही, सारे काम उताराचे! मात्र दर जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते, आणि राजधानीचे पिण्याचे पाणीही कालव्याच्या तलावांतलेच. २०१६ मध्ये मोठे लॉक सुरू झाले, त्यांत ६० टक्के पाणी पुन्हा वापरले जाते. तेव्हा क्षमता वाढल्याचा केवढा गाजावाजा झाला. पण तलाव होता तेवढाच राहिला. एरवी रोज ३६च्या आसपास जहाजे जात, डिसेंबर २०२३ मध्ये ती २२ वर आली. पाटाच्या पाण्यासारखी जहाजांनाही पाळी लागली. कुणी लिलावात पैसे ओतले, कुणी आफ्रिकेला वळसा घातला, आणि भाडी वाढली.

मे २०२४ मध्ये आलेल्या शास्त्रज्ञांच्या विश्लेषणाने या दुष्काळाचे मुख्य कारण हवामान बदल नसून एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापणे, असल्याचे सांगितले. २०२३ मध्येच भारतातला ऑगस्टही १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला होता. या दोन घटनांमधला धागा सापडला तो भारतात.

१८९९ च्या भीषण दुष्काळाचा अंदाज हवामान खात्याला आला नव्हता. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. केंब्रिजचे गणिती, हवामानशास्त्र शिकलेले नव्हते; बूमरँग कसे उडते यावर मात्र लिहिलेले! त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी जमवल्या आणि भारतीय कारकुनांकडून त्यांचे परस्परसंबंध हाताने काढून घेतले. हिंदी महासागरावर दाब चढला की प्रशांतावर उतरतो, असे त्यातून दिसले. समकालीनांना ते पटले नाही. १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी दाबाच्या या चढउतारामागच्या, एल निनोशी जोडलेल्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकरांचे नाव दिले, तेव्हा वॉकर जाऊन अकरा वर्षे झाली होती.

कालव्यातून रोज किती जहाजे सोडायची, हे ठरवताना आता एल निनोचा अंदाज बघावाच लागतो. त्या अंदाजाच्या मुळाशी जी आकडेमोड आहे, ती करणाऱ्या कारकुनांसाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत निदान एक ओळ तरी हवी.