दहा-नऊ म्हणजे नेमकं किती?

११८-११०, ११४-११४, ११५-११३. एकाच लढतीचे हे तीन हिशेब. १६ सप्टेंबर २०१७, लास वेगास. एका कोपऱ्यात कझाकस्तानचा गेनादी गोलोव्किन, दुसऱ्यात मेक्सिकोचा कॅनेलो अल्वारेझ. पंच ॲडलेड बर्ड यांच्या मते कॅनेलो आठ गुणांनी पुढे, डेव्ह मोरेटी यांच्या मते गोलोव्किन दोन गुणांनी पुढे, आणि डॉन ट्रेला यांच्या लेखी दोघं सारखेच. लढत बरोबरीत सुटली आणि बर्ड यांच्या नावानं शिमगा सुरू झाला.

हे आकडे आधी फेऱ्यांत मोडून घेऊ. पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जागतिक विजेतेपदाच्या लढतीत १२ फेऱ्या असतात. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला सहसा ९. कोणी खाली पडलं नाही, गुण कापला गेला नाही आणि एकही फेरी बरोबरीत किंवा १०-८ दिली नाही, तर दोघांच्या गुणांची बेरीज २२८ यायलाच हवी. त्या हिशेबानं बर्ड यांनी कॅनेलोला १० फेऱ्या दिल्या, ट्रेलांनी ६, मोरेटींनी ५. बर्ड यांच्या कार्डावर गोलोव्किनच्या वाट्याला फक्त चौथी आणि सातवी फेरी होती. ट्रेलांनी मात्र सातवी कॅनेलोला दिली. म्हणजे ट्रेलांनी कॅनेलोला दिलेल्या सहांपैकी जास्तीत जास्त ५ फेऱ्या बर्ड यांच्या दहांत बसतात, आणि या दोघांचं किमान ६ फेऱ्यांत पटलं नाही. निम्म्या लढतीत!

बर्ड यांच्या कार्डाचं समर्थन मी करणार नाही. पण निकाल फिरला तो ट्रेलांच्या सातव्या फेरीनं. बाकी दोन्ही पंचांनी ती गोलोव्किनला दिली होती. ट्रेलांनीही दिली असती तर त्यांचं कार्ड ११५-११३ झालं असतं आणि गोलोव्किन दोन विरुद्ध एक असा जिंकला असता. शिव्या ११८-११०ला पडल्या, आणि ११४-११४कडे फारसं कुणी पाहिलंच नाही.

ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सचा हिशेब काय सांगतो? गोलोव्किननं ७०३ ठोसे मारले, २१८ लागले. कॅनेलोनं ५०५ मारले, १६९ लागले. फरक ४९. ऐकायला मोठा वाटतो, पण १२नं भागलं की तीन मिनिटांच्या फेरीमागे जेमतेम चार. शिवाय गोलोव्किनच्या २१८मध्ये १०८ जॅब होते, कॅनेलोचे जॅब अवघे ५५. जॅब वगळून फक्त जोरकस ठोसे धरले तर कॅनेलो ११४, गोलोव्किन ११०. संख्या पाहणारा पंच आणि जोर पाहणारा पंच, दोघंही प्रामाणिक राहून वेगळी कार्डं भरू शकतात. नियम तरी कुठे एका बाजूला झुकतो? स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव अशा चार कसोट्या आहेत. कुठलीला किती वजन द्यायचं याचं कोष्टक नाही.

खरी गोम मात्र कसोट्यांत नाही, दहा-नऊमध्ये आहे. तीन मिनिटं एकानं दुसऱ्याला झोडपलं, पण खाली पाडलं नाही, तर बहुतेक वेळा १०-९. दोघं तोडीस तोड लढले आणि शेवटच्या दहा सेकंदांत एकाचा हुक जरा बरा बसला, तरीही १०-९. पहिल्या प्रकारच्या फेरीबद्दल पंचाला शंभर टक्के खात्री असते, दुसरीबद्दल एक्कावन्न. कार्डावर दोन्ही सारख्याच दिसतात.

याची किंमत किती, ते मांडून पाहता येतं. समजा १२ फेऱ्यांपैकी ४ निर्विवाद लाल कोपऱ्याच्या, ३ निर्विवाद निळ्याच्या आणि ५ अशा अटीतटीच्या की तिथे नाणं उडवलं काय आणि डोळे लावून पाहिलं काय, एकच. एखाद्या पंचाच्या कार्डावर लाल जिंकण्याची शक्यता ५० टक्के येते, ६-६ अशा बरोबरीची सुमारे ३१ आणि निळा जिंकण्याची सुमारे १९. म्हणजे ११७-१११ असा लाल किंवा ११६-११२ असा निळा, दोन्ही कार्डं त्याच लढतीची आणि दोन्ही बिनचूक. तीन पंच स्वतंत्रपणे बसवले तर लालला निकाल मिळतो ५० टक्के वेळा, निळ्याला ९ टक्के, आणि उरलेल्या ४१ टक्के वेळा लढत बरोबरीत. प्रत्यक्षात तिन्ही पंच रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसले तरी एकाच प्रेक्षकांची आरडाओरड ऐकतात, तेव्हा त्यांची मतं इतकी सुटी नसतात. तरी अंदाज यायला एवढं पुरे.

फेऱ्यांची मतं पंचागणिक बेरजेला घातली की काय होतं, हे आपल्याकडच्या प्रेक्षकांनी हौशी बॉक्सिंगमध्ये पाहिलं आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २९ जुलै २०२१ रोजी मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाकडून हरली. तिथे पंच पाच. पहिली फेरी व्हॅलेन्सियाला ४-१ अशी गेली, पुढच्या दोन्ही मेरीला ३-२ अशा मिळाल्या. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही मेरी २-३नं पराभूत! गोंधळ वाटतो, पण एकूण १५ मतं मोजा: व्हॅलेन्सियाची ८, मेरीची ७. फेरीचा निकाल बहुमतानं लावण्याची पद्धत असती, तर तीच मतं मेरीला जिंकवून गेली असती.

अटीतटीच्या फेरीवरचा मतभेद आणि उघड चूक यांत मात्र गल्लत नको. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेनॉक्स लुईसचे ३४८ ठोसे लागले, इव्हँडर होलिफील्डचे १३०. तरी लढत बरोबरीत. युजीनिया विल्यम्स यांनी होलिफील्डला ११५-११३ असं जिंकवलं. पाचवी फेरीसुद्धा त्यालाच दिली, जिच्यात लुईसचे ४३ ठोसे लागले होते आणि होलिफील्डचे ११. तिथे कसोट्यांच्या वजनाची चर्चा करण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की ती एक फेरी दुरुस्त केली तरी त्यांचं कार्ड ११४-११४ होतं आणि निकाल बरोबरीचाच राहतो. कारण इंग्लंडच्या लॅरी ओकॉनेल यांनी ११५-११५ दिले होते.

११५ आणि ११५ची बेरीज २३०. म्हणजे ओकॉनेल यांनी दोन फेऱ्या १०-१० अशा सोडल्या. दक्षिण आफ्रिकेच्या स्टॅनली क्रिस्टोडूलू यांचं कार्ड लुईसला ११६-११३, बेरीज २२९, म्हणजे एक फेरी सम. अमेरिकन विल्यम्स यांची बेरीज चोख २२८. १०-१०ला नियमात जागा आहे, पण अमेरिकेत ती देणारा पंच कच्चा समजला जातो. कोणाचा तरी हात वर करा, असा दंडक.

इंग्लंडमध्ये एकेकाळी उलटी रीत होती. १६ मार्च १९७१ रोजी वेम्ब्लीत जो बगनर आणि हेन्री कूपर १५ फेऱ्या लढले. निर्णय एकट्या रेफ्री हॅरी गिब्जचा. फेरी जिंकणाऱ्याला ५, हरणाऱ्याला पाव गुण कमी. बगनर ७३¾, कूपर ७३½. हिशेब उलगडला तर बगनरनं ६ फेऱ्या घेतल्या, कूपरनं ५ आणि ४ सम सुटल्या. पाव गुणावरून इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं भांडणं झाली, म्हणजे समान फेऱ्यांनीही वाद मिटत नाही.

मला अर्ध्या गुणाची सूचना जास्त पटते: निसटत्या फेरीला १०-९½, स्पष्ट फेरीला १०-९. वरच्याच लाल-निळ्या लढतीला हा नियम लावून पाहिला. एका पंचाच्या कार्डावर लालची शक्यता ५०वरून ८१ टक्क्यांवर जाते. तीन पंचांचा निकाल लालच्या बाजूनं ९१ टक्के वेळा लागतो. निळा ९ टक्क्यांवरच राहतो आणि बरोबरी पूर्णपणे नाहीशी होते. ज्यानं एक निर्विवाद फेरी जास्त जिंकली, त्याला तिचं मोल मिळतं. आक्षेप ठरलेला आहे: निसटती फेरी कुठली, यावरून नवे वाद होतील. होतीलच. पण समोरचा खाली पडलेला नसतानाही फेरी १०-८ द्यावी इतकी एकतर्फी होती का, हे पंच आजही स्वतःच ठरवतात. दुसऱ्या टोकाला तीच मुभा द्यायला काय हरकत आहे?