क्रीडापटूंचे महानस : अन्नपानरक्षेचा आजचा पाठ

२० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महिलांची आशियाई चषक फुटबॉल स्पर्धा महाराष्ट्रात पार पडली. बारा देशांचे संघ, आणि सामन्यांची तीन ठिकाणे : अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातील मैदान, नवी मुंबईचे डी. वाय. पाटील क्रीडांगण व पुण्याचे बालेवाडी. ज्या उपनगरात आपल्यापैकी अनेकांचे चिकित्सालय वा औषधी भांडार आहे, तेथे त्या दोन-अडीच आठवड्यांत चीन, इराण, ऑस्ट्रेलिया, थायलंड, फिलिपाईन्स अशा देशांच्या खेळाडू उतरल्या होत्या. सामन्यांची वृत्ते आपण वाचली. परंतु त्या खेळाडूंना दिवसातून चार-पाच वेळा जेवू घालणाऱ्या पाककर्मींचा विचार सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो करू इच्छितो. कारण त्या पाककर्मींना जी शिस्त पाळावी लागते, ती मुळात आपल्याच शास्त्राची आहे, आणि आज तिची आवश्यकता आपल्या दुकानाच्या फळीवर त्यांच्या चुलीइतकीच आहे.

महानसाची संहितोक्त कल्पना

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिला अध्याय अन्नपानरक्षेला वाहिलेला आहे. राजाचे महानस कसे असावे, हे तेथे सविस्तर सांगितले आहे. जागा प्रशस्त दिशेस व शुद्ध असावी, भांडी स्वच्छ असावीत, गवाक्षे पुष्कळ असून त्यांना जाळ्या असाव्यात, आत केवळ विश्वासू व पारखलेल्या माणसांचाच वावर असावा. पाककर्मी स्नान केलेले, नखे-केस कापलेले, डोक्यास वस्त्र बांधलेले असावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरण करणारे, भात शिजविणारे, अपूप करणारे, इतकेच नव्हे तर अन्न वाहून नेणारेदेखील वैद्याच्या आज्ञेत असावेत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातही अन्नरक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. अन्न पोषक असणे पुरेसे नाही, ते निर्दोष असल्याची हमी देणारा कोणी उत्तरदायी मनुष्य असला पाहिजे, हा या विवेचनाचा गाभा होय.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे स्वयंपाकघर पाहिल्यास याच सूत्राचा विस्तार दिसतो. कच्चा माल ठराविक पुरवठादाराकडूनच येतो व त्याची नोंद होते. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांचे पाट-सुऱ्या वेगळे असतात. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर व थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवतात, कारण या दोहोंमधील तापमानात जंतूंची वाढ झपाट्याने होते. प्रत्येक पदार्थाचा नमुना काढून शीतपेटीत राखून ठेवतात, म्हणजे कोणी आजारी पडल्यास कारण शोधता येते. पदार्थापुढे त्यातील घटकांची पाटी असते. पारखलेली माणसे, नोंद, राखलेला नमुना आणि उघड केलेले घटक अशी ही चतुःसूत्री आहे.

अष्टौ आहारविधिविशेषायतनानि

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची आठ आयतने सांगितली आहेत. क्रीडापटूंच्या स्वयंपाकघराचा सारा व्यवहार या आठांत बसतो, हे वैद्यबंधू-भगिनींनी अवश्य ताडून पाहावे.

प्रकृति व करण : द्रव्याचे स्वाभाविक गुरु-लघुत्व आणि संस्काराने त्यात होणारा पालट. सामन्यापूर्वीच्या जेवणात पाककर्मी भात, उकडलेला बटाटा, सौम्य रश्शातील कोंबडी वा मासा असे लघुपाकी पदार्थ ठेवतो. तळणीचे, लोणी-साईचे व भरपूर चोथ्याचे पदार्थ टाळतो. उडीद व मूग यांतील भेद आपणांस सांगावयास नको. तोच भेद त्याला घड्याळ समोर ठेवून पाळावा लागतो.

संयोग : येथे आधुनिक काळाने एक नवी बाजू जोडली आहे. शेंगदाणा, तीळ, दूध, अंडे, गहू, कवचयुक्त मासे यांपैकी काही एखाद्या खेळाडूस सोसत नसेल, तर त्या पदार्थाचा डावही दुसऱ्या पातेल्यात जाऊन चालत नाही.

राशि : चरकाचार्यांनी सर्वग्रह व परिग्रह, म्हणजे एकूण आहाराचे मान व त्यातील प्रत्येक द्रव्याचे मान, असे दोन भेद केले. क्रीडा-आहारशास्त्र हेच करते. दररोज एक ते तीन तास कठोर श्रम करणाऱ्या खेळाडूस शरीरभाराच्या प्रत्येक किलोमागे ६ ते १० ग्रॅम कर्बोदके लागतात असे मानतात. साठ किलो वजनाच्या खेळाडूस हे मान दिवसाला ३६० ते ६०० ग्रॅम होते. राशीचा अंदाज चुकला तर काय होते, हे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. दिवसाला सुमारे ४०,००० जेवणांची व्यवस्था असलेल्या त्या क्रीडाग्रामात वनस्पतिजन्य पदार्थांवर विशेष भर दिला होता. पहिल्याच दिवसांत अंडी व मांस अपुरे पडल्याच्या तक्रारी आल्या, आणि आयोजकांना ७०० किलो अंडी व एक टन मांस यांची भर घालावी लागली.

देश : इराणच्या हिवाळ्यातून आलेल्या खेळाडूस मुंबईचा जानेवारीही उष्ण व दमट वाटतो. घाम अधिक, म्हणून पाणी व लवण अधिक. बर्फ, कच्ची कोशिंबीर व कापून ठेवलेली फळे यांबाबत परमुलखात विशेष दक्षता घ्यावी लागते, कारण एका दिवसाचा अतिसारही संपूर्ण स्पर्धा गमावण्यास पुरेसा असतो.

काल : सामन्यापूर्वी तीन-चार तास मुख्य जेवण, नंतर अल्प उपाहार, सामना संपताच द्रव व कर्बोदके, आणि पुन्हा पूर्ण जेवण. रात्री उशिरा सामना संपला तर मध्यरात्रीही गरम जेवण तयार ठेवावे लागते. नित्यग काल हेमंताचा असला, तरी आवस्थिक काल सामन्याच्या वेळापत्रकाचा असतो.

उपयोगसंस्था व उपयोक्ता : स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नये, हा सर्व प्रशिक्षकांचा नियम म्हणजे ओकसात्म्याचा आदर होय. जपानी वा व्हिएतनामी खेळाडूस तिचा चिकट भात, भारतीय खेळाडूस तिचे वरण-दही मिळाले पाहिजे. वजनगटाच्या खेळांत तर उपयोक्त्याचा विचार तोळ्या-माशापर्यंत जातो. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी केवळ १०० ग्रॅमने जास्त भरल्या व अपात्र ठरल्या. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयाचे डॉ. दिनशा पारडीवाला यांनी तेव्हा स्पष्ट केले होते की, आदल्या दिवशीच्या लढतींदरम्यान शक्ती टिकविण्यासाठी दिलेले अन्नपाणी रात्रभराच्या प्रयत्नांनंतरही पुरते उतरले नाही. लंघन व बृंहण एकाच दिवसात करावे लागते, तेव्हा घोटभर पाण्याचाही हिशेब द्यावा लागतो.

पाककर्मींचे आरोग्यही या रक्षेचाच भाग आहे. अंधेरी-नवी मुंबईच्या त्या स्पर्धेत साथीमुळे संघांना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवले होते. तरीही २३ जानेवारी २०२२ रोजी यजमान भारताला मैदानात उतरविण्यास आवश्यक त्या तेरा खेळाडूही निरोगी मिळाल्या नाहीत. सामना झाला नाही, आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. अशा वर्तुळात खेळाडूइतकाच वाढपीही असतो. पारखलेल्या माणसांचा सुश्रुतोक्त आग्रह किती व्यवहार्य होता, हे यावरून ध्यानी यावे.

अन्नातून येणारे अदृश्य द्रव्य

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २०११ मध्ये मेक्सिकोत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली. तेथे तपासलेल्या २०८ मूत्रनमुन्यांपैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल हे निषिद्ध द्रव्य आढळले. कोणीही औषध घेतले नव्हते. जनावरांचे मांस वाढविण्यासाठी ते द्रव्य तेथे पशुखाद्यात दिले जाई, आणि मांसावाटे ते मुलांच्या शरीरात गेले होते. उलट यजमान मेक्सिकोच्या संघाला, आधीच्या एका प्रकरणामुळे सावध होऊन, मांस वर्ज्य करून मासे व भाज्यांवर ठेवले होते. त्या संघाचे नमुने निर्दोष निघाले व तोच संघ विजेता ठरला. स्वयंपाकघरातील एका निर्णयाने हा भेद घडविला.

दोष इतका उघड व व्यापक असल्याने त्या मुलांवर कारवाई झाली नाही. एकट्या खेळाडूला असा लाभ क्वचितच मिळतो. उत्तेजकविरोधी नियमांचे तत्त्व कठोर आहे : शरीरात जे सापडेल त्याचे उत्तरदायित्व खेळाडूचे, ते कसे आले हे त्यानेच सिद्ध करावयाचे. आपल्या उपनगरातील कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरण केंद्रात घडलेले मल्ल नरसिंग यादव यांचे प्रकरण सर्वांस स्मरत असेल. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी त्यांच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड आढळले. सोनिपतच्या शिबिरात आपल्या अन्नपानात ते कोणी मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने १ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांना निर्दोष ठरविले. परंतु क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे त्यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, अन्नात मिसळल्याचा पुरावा पुरेसा नाही असे म्हणून चार वर्षांची बंदी घातली. या निर्णयाची चर्चा हा आपला विषय नव्हे. नोंद, साक्षी व राखलेला नमुना नसेल, तर अन्नपानाविषयीचे कोणतेही म्हणणे लवादापुढे टिकणे किती दुष्कर असते, एवढेच येथे घ्यावयाचे आहे.

औषधी भांडाराचे उत्तरदायित्व

खेळाडू स्वयंपाकघरातून जे घेतो ते पाककर्मी पारखतो. परंतु तोच खेळाडू खोकल्यासाठी, सांधेदुखीसाठी वा ‘ताकदीसाठी’ आपल्याकडे येतो, तेव्हा तेथे पारखणारे आपणच असतो. २०११ च्या महिला विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाच फुटबॉलपटूंच्या नमुन्यांत स्टेरॉइड आढळली. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीपासून केलेले पारंपरिक औषध दिल्यामुळे हे घडले, असे त्यांच्या पथकाने सांगितले. त्याच वर्षी भारताच्या रिले धावपटूंनी जिनसेंगच्या पूरकाला दोष दिला. तरीही लवादाने २०१२ मध्ये त्यांच्यावरील बंदी दोन वर्षांची केली. ‘वनौषधी आहे, अपाय नाही’ हे आश्वासन तेथे कामी येत नाही.

आपल्या फळीवरील काही द्रव्ये निषिद्ध सूचीत थेट येतात, याकडे आम्ही लक्ष वेधतो. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे निषिद्ध उत्तेजक आहे; म्हणून विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी व एकांगवीर रस खेळाडूस विचार न करता देऊ नयेत. भांग असलेले जातिफलादि चूर्ण व अहिफेनयुक्त कर्पूर रस स्पर्धाकाळात आपत्ती ओढवू शकतात. श्वासरोगात वापरला जाणारा सोमकल्प एफेड्रिन देतो. कमळाच्या बीजांकुरात आढळणारे हायजेनामाइन २०१७ पासून सूचीत नामनिर्देशाने आहे. कस्तुरी तर वन्यजीव संरक्षण कायद्यानेही वर्ज्य आहे.

यास्तव महानसाची चतुःसूत्री आपण दुकानात आणावी, अशी आमची नम्र सूचना आहे :

१. बलवर्धक औषध मागणाऱ्या तरुणास, आपण स्पर्धेत उतरता काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. व्यायामशाळा, कुस्तीचे आखाडे व कबड्डीचे संघ यांनी भरलेल्या उपनगरांत तो अनाठायी ठरणार नाही.

२. खेळाडूस सुट्टी पुडी वा नाव नसलेले चूर्ण देऊ नये. घटक व त्यांचे मान छापलेले, तुकडी क्रमांक असलेले सीलबंद औषधच द्यावे. अनुसूची ई-१ मधील विषद्रव्यांची सूचना वाचून दाखवावी.

३. देयकावर तुकडी क्रमांक लिहावा. स्वतः कल्प बनविणाऱ्यांनी प्रत्येक तुकडीचा नमुना राखावा, आणि कुचला वा भांग घोटलेला खल पूर्ण स्वच्छ केल्याविना त्यात दुसरे औषध घोटू नये. पाककर्मी पाट-सुऱ्या वेगळे ठेवतो ते याच कारणास्तव.

४. ‘आठ दिवसांत शरीर भरेल’ असे सांगणारी अनोळखी पूरके विक्रीस ठेवू नयेत. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ सापडण्याचा धोका सर्वाधिक असतो.

५. निषिद्ध द्रव्यावाचून उपाय नसेल, तर खेळाडूने आपल्या संघाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत उपचारार्थ सवलतीचा रीतसर अर्ज करावा. औषध त्यानंतर द्यावे.

सूची दरवर्षी १ जानेवारीस नव्याने लागू होते. तिची प्रत औषधी भांडारात ठेवण्यास खर्च येत नाही. एका खेळाडूच्या कारकिर्दीत ऑलिंपिकची संधी फार तर दोन-तीनदा येते. चार वर्षांच्या बंदीत त्यांपैकी एक निश्चित जाते. पुडी बांधणाऱ्या हाताने एवढे ध्यानी ठेवावे. महानसातील सर्वांना वैद्याच्या आज्ञेत ठेवणाऱ्या सुश्रुताचार्यांनी वैद्याला दिलेला तो केवळ मान नव्हता, ते उत्तरदायित्व होते. आणि ते आजही आपलेच आहे.