चुंबक चिकटलं म्हणून स्टील खोटं ठरत नाही

खरं तर भंडारा जिल्ह्याला पोलादाचं अप्रूप वाटू नये. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला सनफ्लॅगचा विशेष पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड आहे. तरीही घरच्या शेडमध्ये छोटं लेथ बसवून बाइकचे बुश, स्पेसर, फूटरेस्टच्या पिना बनवू पाहणाऱ्यांचं स्टेनलेसचं ज्ञान बहुतेक वेळा भांड्यांच्या दुकानातून आलेलं असतं.

चुंबकाचंच बघा. भंगारातली सळी उचलायची, चुंबक चिकटलं की ‘हे स्टेनलेस नव्हे’ म्हणून फेकायची. ३०४ ग्रेडला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरं. पण ४१० आणि ४२० ला चिकटतं आणि बाइकची ब्रेक डिस्क बहुधा याच कुळातली असते. ३०४ सुद्धा थंड असताना ओढलं-वाकवलं की थोडं चुंबकीय होतं. उलट २०० मालिकेत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. त्याला चुंबक चिकटत नाही, पण ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. म्हणजे चाचणीत पास, पावसाळ्यात नापास! सळी ग्रेड विचारूनच घ्यावी.

स्टेनलेस गंजतच नाही, असंही नाही. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, तो गंज रोखतो. साध्या लोखंडावर फिरवलेला तारेचा ब्रश त्यावर घासला, की लोखंडाचे कण रुततात आणि पुढे तांबूस ठिपके उमटतात. शिव्या मात्र दुकानदाराला बसतात.

सगळ्यात महागात पडतो तो ‘हळूहळू, जपून कापा’ हा सल्ला. ३०४ वर टूल नुसतं घासत राहिलं, तर तो पृष्ठभागच कडक होतो. ड्रिल किंचाळायला लागतं, चिप येणं थांबतं आणि भोकाचा तळ आरशासारखा चकाकतो. मग नवं ड्रिलही तिथं बोथट होतं. या धातूतून उष्णता साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वेगानेच वाहते, त्यामुळे सगळी धग टूलच्या टोकावर साचते. उपाय उलटा आहे: फेरे कमी, फीड दमदार, कुलंट भरपूर. हायस्पीड टूलने २० मिमीची सळी कापताना मिनिटाला तीनशेच्या आत फेरे पुरतात. टूल एकाच जागी थबकू द्यायचं नाही.

हातमोजे घातले की सुरक्षित, हा समज तर जिवावर बेतू शकतो. स्टेनलेसची चिप लांब, धारदार दोरीसारखी निघते. ती मोज्यात अडकली तर हात चककडे ओढला जातो. चिप मशीन थांबवून हुकानेच काढावी. डोळ्यांना चष्मा हवाच.

‘स्टेनलेस म्हणजे जास्त मजबूत’ हेही बोल्टच्या बाबतीत खरं नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ए२-७० बोल्टची ताणशक्ती ७०० मेगापास्कल असते, साध्या ८.८ ची ८००. कायमचं ताणलं जाणं पहिल्यात ४५० ला सुरू होतं, दुसऱ्यात ६४० ला. म्हणून ॲक्सल आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट कंपनीने दिलेल्या ग्रेडचेच ठेवा. आरशाचे, नंबरप्लेटचे, साइड पॅनेलचे बोल्ट खुशाल स्टेनलेसचे करा. इंजिनच्या ॲल्युमिनियम कव्हरमध्ये स्टेनलेस बोल्ट बसवायचाच असेल, तर आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावल्याशिवाय बसवू नका.